भिंगरीच्या उजव्या कानामागे

मित्रांनो, काजूसारखं वाकडं, मातकट रंगाचं, पुढे एक पारदर्शक नळी आणि तिच्या टोकाला कानात बसणारा साचा, असं काही तुम्ही कुणाच्या कानामागे पाहिलं असेल, तर माझी जात तुम्हाला ठाऊक आहे. मी श्रवणयंत्र आहे. आता जुना झालो. टेबलाच्या खालच्या खणात एका गोल डबीत पडून असतो. माझ्या पोटात बॅटरी नाही, त्यामुळे मला काही ऐकू येत नाही. पण जे ऐकलं ते विसरलो नाही, आणि सांगायला दुसरं कुणी नाही म्हणून तुम्हाला सांगतो.

माझा जन्म कारखान्यातला. डोक्याला टोप्या घातलेल्या बायका भिंगातून बघत चिमट्याने माझे अवयव जोडत होत्या. जोडून झाल्यावर मला एका बंद पेटीत ठेवलं. पेटीत बारीक शिट्टी वाजायची आणि मी ती मोठी करून दाखवायची, हीच माझी परीक्षा. त्या पेटीत शिट्टीखेरीज काही नव्हतं. मला वाटलं, जग असंच असणार. मध्ये एक आवाज आणि भोवती शांतता. बाहेर पडल्यावर हा समज पार धुळीला मिळाला.

तिथून मी कानतपासणीच्या एका दवाखान्यात आलो. तिथे मला वायर जोडून संगणकासमोर ठेवलं. पडद्यावर एका मुलीच्या कानाचा आलेख होता. कोणता आवाज किती वाढवायचा ते त्या आलेखावरून ठरवून माझ्यात भरण्यात आलं, शिंप्याने मापावर कपडा बेतावा तसं. माप चुकलेलं आहे याचा तपासणाऱ्या बाईंना पत्ता नव्हता, आणि मी तर कालचं पोर.

मग मला भिंगरीच्या उजव्या कानामागे बसवलं. डाव्या कानाचं पुढे बघू असं ठरलं. ते पुढे काही आलं नाही, म्हणून मी कायम एकटाच राहिलो.

भिंगरी हे तिचं घरातलं नाव. लहानपणी कुणी बोलायला लागलं की ती गर्रकन वळून त्याच्या तोंडाकडे बघायची. जेवताना, खेळताना, जिना उतरताना, सारखी आपली गिरकी. आजोबांना वाटलं, पोर चपळ आहे. त्यांनी लाडाने भिंगरी म्हटलं. ती का वळते हे घरच्यांच्या ध्यानात यायला बराच काळ लोटला, तोवर नाव चिकटलं होतं.

तिची आई औषधाच्या दुकानात काउंटरवर काम करायची. डॉक्टरांचं अक्षर लावण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. मुंग्यांची रांग गेल्यासारखं लिहिलेलं असलं तरी ती ते घडाघडा वाचायची. पण माझ्याकडे तिला धड बघवत नसे. सकाळी केस विंचरताना ती उजवीकडची बट पुढे ओढायची, मला झाकायची आणि लांब होऊन खात्री करायची.

"वारा सुटला की इथे हात ठेवत जा हं," ती म्हणायची.

त्याला कारण होतं. तिचा सख्खा भाऊ, म्हणजे भिंगरीचा मामा, कानाने अधू होता. त्याला सगळे ठोंब्या म्हणायचे. पोरंटोरं त्याच्या पाठीमागे उभी राहून काहीबाही बोलायची आणि तो वळला नाही की फिदीफिदी हसायची. मामा हळूहळू माणसांत मिसळेनासा झाला. हे सगळं आईने डोळ्यांनी पाहिलं होतं. आपल्या पोरीवर ती वेळ येऊ नये एवढीच तिची धडपड. वडील नोकरीपायी दूरच्या गावी असायचे, तेव्हा ठरवणारी तीच आणि निभावणारीही तीच.

शाळेचे दिवस मात्र बरे गेले. शाळा लहान, वर्ग लहान, पहिला बाक ठरलेला. भिंगरी उद्याचा धडा आदल्या दिवशीच वाचून ठेवायची, म्हणजे बाईंच्या ओठांवरचे निम्मे शब्द पकडले तरी उरलेले आपोआप भरून निघायचे. मी माझ्या परीने आवाज मोठा करत होतो. ती त्यातून अर्थ वेचून घेत होती. रात्री ती मला लहानशा ब्रशने साफ करायची, दमटपणा शोषणाऱ्या गोळ्यांच्या डबीत ठेवायची, आणि झाकण लावण्याआधी बोटाने एकदा थोपटायची. मला तेवढं पुरे होतं.

निकालाच्या दिवशी बाई आईला म्हणायच्या, "हिला कमी ऐकू येतं असं वाटतसुद्धा नाही हो."

आईच्या दृष्टीने याहून मोठं बक्षीस नव्हतं. ती दिवसभर हवेत असायची. भिंगरीही हसायची. पण मी तिच्या कानाला चिकटलेला, तिच्या जबड्याची हालचाल मला जाणवायची. त्या हसण्यात दातांवर दात रोवलेले असायचे.

मग ती कॉलेजात गेली, आणि आमचे दोघांचेही ग्रह फिरले.

वर्ग कसला, सभागृहच ते. पायऱ्यापायऱ्यांचे बाक, उंच छत, भिंतीवर घरघरणारे पंखे. शेदीडशे मुलं, प्रत्येकाच्या पिशवीला चेन, आणि प्रत्येक चेन माझ्या कानाशी उघडल्यासारखी. मित्रांनो, माझा एक दोष आहे. कोणता आवाज कामाचा आणि कोणता बिनकामाचा, हे माझ्यासारख्या साध्या यंत्राला ओळखता येत नाही. मी पंखा मोठा करतो, खुर्चीचा करकराट मोठा करतो, मागच्या बाकावरची कुजबुज मोठी करतो, आणि या सगळ्या ढिगाऱ्याखाली शिकवणाऱ्यांचा आवाज कुठेतरी दबून राहतो.

तिचा मुख्य विषय शिकवणाऱ्या प्राध्यापकांना मुलं सुसाट सर म्हणायची. सर बोलायला लागले की थांबायचं नाव नाही. तेही फळ्याकडे तोंड करून. मध्येच दिवे मालवून पडद्यावर चित्रं दाखवायचे. अंधारात ओठ दिसत नाहीत. भिंगरी वहीवर पेन टेकवून बसायची आणि शेजारणीच्या वहीत बघून उतरवायची. शेजारणीला ते आवडत नसे. ती हात आडवा ठेवायची.

मधल्या सुट्टीत कॅन्टीनमध्ये टेबलाभोवती सगळे एकदम बोलायचे. विनोद या टोकाकडून सुरू होऊन त्या टोकाला संपायचा. भिंगरी वळून बघेपर्यंत हसणं सुरू झालेलं असायचं. मग तीही हसायची, जरा उशिरा. एकदा कुणीतरी तिला काहीतरी विचारलं आणि तिने मान डोलावून "हो ना," म्हटलं. टेबल गप्प झालं. प्रश्नाचं उत्तर हो-नाहीत देण्यासारखं नव्हतं, एवढं मला कळलं. त्यानंतर तिने कॅन्टीन सोडलं.

ग्रंथालयाच्या मागे लोखंडी जिना होता. तिथे बसून ती डबा खायची. खाण्याआधी मला कानातून काढायची, बंद करायची आणि खिशात ठेवायची. बंद झाल्यावर मला अर्थातच काही कळत नसे. पण बंद होण्याआधीचा तिचा निःश्वास मी रोज ऐकायचो. दिवसभर बोळातून ओझं वाहून आणलेल्या माणसाचा असतो, तसा. तिला विसावा हवा होता, आणि विसावा म्हणजे मी नसणं, हे मला फार लागायचं.

पहिल्या चाचणीत व्हायचं तेच झालं. कागद वाटून झाल्यावर सरांनी तोंडी सांगितलं की दुसरा प्रश्न छापताना चुकला आहे, तो सोडा, त्याऐवजी फळ्यावर खाली लिहिलेला सोडवा. बोलताना ते खिडकी लावत होते. भिंगरीने मान खाली घालून तो चुकलेला प्रश्नच सोडवला, त्यातच अडकली, आणि वेळ संपली.

पेपर परत देताना सर म्हणाले, "लक्ष कुठे असतं तुझं? सगळ्या वर्गाने ऐकलं, तू तेवढी राहिलीस."

"सॉरी सर," ती म्हणाली. बस, एवढंच. बट नीट आहे ना, हे तिने हाताने चाचपून पाहिलं.

त्या दिवशी लोखंडी जिन्यावर ती डबा न उघडताच बसली होती. मला काढायचंही तिला सुचलं नव्हतं, म्हणून पुढचं मी ऐकलं. वर्गातली एक उंच मुलगी सायकलची किल्ली शोधत तिथे आली. भिंगरीने डोळे पुसायला केस मागे सारले होते. उंच मुलगी थबकली, मग समोर येऊन पायरीवर बसली. मुद्दाम समोर, हे मला आवाजावरून कळलं.

"माझ्या भावाची नजर अधू आहे," ती म्हणाली. "त्याला इथेच लेखनिक मिळतो, मोठ्या अक्षरातला पेपर मिळतो. तळमजल्यावर साहाय्य कक्ष आहे. तू गेलीस कधी?"

"मला तितकी गरज नाही," भिंगरी म्हणाली.

"बरं," उंच मुलगी म्हणाली. थोडा वेळ बसली, आणि उठून गेली.

चार दिवस भिंगरी त्या कक्षाच्या दारावरून नुसती ये-जा करत राहिली. पाचव्या दिवशी आत गेली.

कक्षाचे अधिकारी मध्यम वयाचे, सालस गृहस्थ होते. फक्त बोलताना ते संगणकाकडे बघायचे. अडचण असलेल्यांच्या मदतीला बसलेला माणूस, आणि त्याचं अर्धं तोंड पडद्याआड. भिंगरीने दोनदा "काय?" विचारलं, तिसऱ्यांदा तिची हिंमत झाली नाही. मग त्यांच्याच ध्यानात आलं. त्यांनी खुर्ची वळवली, कागद ओढला आणि बोलता बोलता लिहीत गेले.

"तुमच्याकडचा तपासणीचा अहवाल आणा. अडचण कोणती, किती, आणि त्यामुळे शिकताना नेमकं काय अडतं, हे तज्ज्ञांनी लिहिलेलं हवं. शाळेत काही सवलत मिळाली असेल तर त्याचाही कागद."

तिने घरून आईच्या कपाटातला जुना अहवाल नेऊन दिला. अधिकाऱ्यांनी तो पुढून मागून पाहिला.

"हा फार जुना झाला. आणि यात 'सौम्य' लिहिलंय. एवढ्यावर मला पुढच्या बाकाची शिफारस करता येईल, त्यापलीकडे नाही. तुमचं म्हणणं खोटं आहे असं नाही. पण कागद जे म्हणतो, तेवढंच मला देता येतं."

"पुढच्या बाकावर मी बसतेच," ती म्हणाली.

"मग नव्याने तपासणी करून घ्या."

संध्याकाळी तिने आईजवळ विषय काढला. आई भाजी निवडत होती. तिचे हात थांबले.

"कशाला आता? इतकी वर्षं निघाली ना? एकदा कागदावर आलं की ते जन्माला चिकटतं, बाई. उद्या नोकरीला गेलीस, कुठे गेलीस, आधी तो कागद बघतील आणि मग तुला."

"चाचणीत नापास झाले, आई."

"अभ्यास जास्त कर. आणि मला सांग, त्यात लिहिलंय ना सौम्य म्हणून? थोडंसंच आहे तुझं. मी तेव्हा काचेबाहेर उभी होते. आवाज झाला की तू लगेच हात वर करत होतीस. एकदासुद्धा चुकली नाहीस."

मला नळाचं ठिबकणं ऐकू येत होतं आणि भिंगरीचा श्वास.

"मी आवाज ऐकत नव्हते," ती म्हणाली. "त्या बाईंचा हात काचेत दिसायचा. बटणाकडे गेला की मी हात वर करायचे."

"पण का गं?"

"तू बाहेरून बघत होतीस. मी हात वर केला की तू हसायचीस."

आईने निवडलेली आणि न निवडलेली भाजी एकाच ताटात लोटली आणि ताट घेऊन आत गेली. मित्रांनो, माझं माप का चुकलं होतं ते मला त्या संध्याकाळी उमगलं. मी भिंगरीच्या कानासाठी बेतलेलाच नव्हतो. मला बेतलं होतं ते तिच्या नजरेच्या चलाखीवर. ती जेवढी गोष्ट बघून ओळखायची, तेवढी ती ऐकते असं धरून मला कामाला लावलं होतं, आणि मधलं सगळं अंतर ती पोर एकटी चालत होती.

सकाळी आई म्हणाली, "दुकानातून सुट्टी घेतलीय. चल."

दवाखाना तोच. तपासणाऱ्या बाई मात्र नव्या होत्या, तरुण, हसऱ्या. आवाज न शिरणारी ती छोटी खोली, तिला ती काच, आणि काचेकडे तोंड करून ठेवलेली खुर्ची. बाई म्हणाल्या, यंत्र काढून ठेव आणि आत बस. भिंगरीने मला काढून आईच्या हातात दिलं. मग दारातच थांबली.

"खुर्ची फिरवली तर चालेल? मला भिंतीकडे तोंड करून बसायचंय."

बाईंनी तिच्याकडे पाहिलं, मग आईकडे. काही न विचारता त्या आत गेल्या आणि खुर्ची फिरवली.

मी चालूच राहिलो होतो. आईने मला मुठीत घट्ट धरलं होतं, त्यामुळे मी बारीक शिट्टी घालत होतो, पण तिला भान नव्हतं. आत काय वाजतंय ते बाहेर कळावं म्हणून बाईंच्या टेबलावर लहानसा स्पीकर होता. त्यातून आवाज आला, पातळसा, लांब. काचेपलीकडे भिंगरीचे दोन्ही हात मांडीवर होते.

पुन्हा आवाज आला. जरा मोठा.

"बंद पडलंय का हो ते?" आईने विचारलं.

"नाही. चालू आहे."

"हो, मला येतंय ना ऐकू."

"तिला येत नाहीये."

"थोडं वाढवून बघा."

"वाढवलंय," बाई हळू आवाजात म्हणाल्या.

आवाज चांगलाच चढला तेव्हा कुठे भिंगरीचा हात उचलला गेला, तोही अर्धवट, खात्री नसल्यासारखा. आईची मूठ सैल झाली. माझी शिट्टी थांबली. आता सगळं स्वच्छ ऐकू येत होतं, आणि ऐकण्याजोगं फारसं काही नव्हतं. स्पीकर वाजत होता, आणि काचेपलीकडे पाठमोरी मुलगी शांत बसून होती.

मग शब्दांची पाळी आली. बाई एकेक शब्द म्हणायच्या आणि आतून भिंगरीने तो परत म्हणायचा.

"पाणी."

"राणी."

"फूल."

"मूल."

"दोरा."

आतून उत्तर आलं नाही. बाईंनी पुन्हा म्हटलं. पुन्हा काही नाही. मग भिंगरीचा आवाज आला, "मला कळलं नाही."

इतकी वर्षं मी तिच्या कानामागे होतो. वर्गात, दुकानात, पाहुण्यांत, हे तीन शब्द तिच्या तोंडून मी कधी ऐकले नव्हते. ती हसून वेळ मारून न्यायची, मान डोलवायची, विषय बदलायची. आज ती भिंतीला सांगत होती, आणि तिचा आवाज अजिबात हलत नव्हता. त्यानंतर तिने ते पुष्कळदा म्हटलं. मला कळलं नाही. हाही नाही कळला. पुढचा सांगा.

बाहेर आल्यावर तिने आधी आईच्या चेहऱ्याकडे पाहिलं. आईने मला ओढणीच्या टोकाने पुसलं, स्वतःच्या हाताने लेकीच्या कानात बसवलं, आणि उजवीकडची बट कानामागे खोचून टाकली.

बाईंनी अहवाल लिहायला घेतला. त्याला भिंगरीच्या स्वतःच्या शब्दांतली माहितीही जोडायची होती. तिने लिहिलेलं पहिलं वाक्य बाईंनी मोठ्याने वाचलं. "वर्गात फारसा त्रास होत नाही, सांभाळून घेते."

"हे परत लिही," त्या म्हणाल्या. "तुला काय जमतं ते नको. ते जमवायला तुला काय काय करावं लागतं, ते लिही."

भिंगरी पेन धरून बसून राहिली. मग लिहू लागली, आणि लिहिताना ओठांतल्या ओठांत म्हणत गेली, म्हणून मला कळलं. वर्गात मी ऐकत नाही, अंदाज करते. सर फळ्याकडे वळले की वाक्य तुटतं. दिवे मालवले की सगळंच जातं. संध्याकाळपर्यंत डोकं ठणकतं आणि घरी गेल्यावर माझ्यात बोलायचं त्राण उरत नाही. लोकांना वाटतं मी शिष्ट आहे.

शेवटचं वाक्य तिने खोडलं. आईने तिच्या खांद्यावरून ते वाचलं होतं. "राहू दे ते," ती म्हणाली. भिंगरीने ते पुन्हा लिहिलं.

सगळं लिहून झाल्यावर बाईंनी मला वायर जोडली आणि नव्या आलेखाप्रमाणे माझा आवाज वाढवायचा प्रयत्न केला. मी जीव तोडून ताणलो. वरच्या पट्टीत मला घरघर लागली, मग शिट्टी, मग काहीच नाही.

"याच्यात एवढा दम नाही," बाई म्हणाल्या. "बिचाऱ्याने खूप काम केलंय. पण तिला दोन्ही कानांना यंत्रं लागतील, याच्यापेक्षा बरीच ताकदीची."

असं होतं बघा. भिंगरीचं खरं माप निघालं आणि त्याच मापाने मला निकालात काढलं. मला वाईट वाटलं नाही असं मी म्हणणार नाही.

नवी यंत्रं येईपर्यंत मी कामावर होतो. कक्षाच्या अधिकाऱ्यांनी अहवाल वाचला तेव्हाही होतो. या वेळी त्यांनी आधी खुर्ची वळवली आणि मगच तोंड उघडलं. तोंडी दिलेली प्रत्येक सूचना लेखी मिळेल, एक विद्यार्थी तिला रोजच्या टिपणांची प्रत देईल, शिकवणाऱ्यांनी गळ्यात छोटा मायक्रोफोन घालायचा, त्यांचा आवाज थेट तिच्या नव्या यंत्रांत जाईल, आणि ती चाचणी पुन्हा देता येईल. त्यांनी हे सगळं हळूहळू सांगितलं. भिंगरीने ऐकलं आणि विचारलं, "म्हणजे मी हे मागू शकते?"

"मागायचं नाही. हे तुमचंच आहे. फक्त कागद लागत होता."

ते पत्र घेऊन ती सुसाट सरांकडे गेली. सरांनी ते उभ्या उभ्या वाचलं आणि पहिल्यांदाच त्यांची गाडी अडखळली.

"मी त्या दिवशी वर्गात तुला बोललो. तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"सांगायची सवय नव्हती, सर."

सरांनी पत्राची घडी केली, उलगडली, पुन्हा केली. "मी फार भरभर बोलतो का?"

भिंगरीने जरा विचार केला. "हो," ती म्हणाली.

नव्या यंत्रांची जोडी आली त्या दिवशी तिने मला शेवटचं साफ केलं. साचा धुतला, नळीतला ओलावा फुंकून काढला, आणि बॅटरीचं दार उघडलं. माझ्या बाजूने सगळं थांबलं.

त्यानंतर मी एकदाच जागा झालो. किती काळाने ते सांगता येत नाही, कारण डबीत काळ कळत नाही. टिंग असा माझाच आवाज आला आणि आईचा श्वास ऐकू आला. तिने कुठूनतरी जुनी बॅटरी शोधून माझ्यात घातली होती. घरात दुसरं कुणी नव्हतं. ती मला स्वतःच्या कानाला लावत होती. साचा भिंगरीच्या कानाचा, तो तिला बसेना, तेव्हा तिने तो बोटाने दाबून धरला.

मी माझं काम केलं. पंखा, नळ, रस्त्यावरचा हॉर्न, वरच्या मजल्यावर सरकवलेली खुर्ची, तिच्याच कपड्यांची सळसळ, सगळं तिच्या कानात एकदम ओतलं. ती दचकली. पण तिने मला काढलं नाही. तशीच, एका हाताने मला धरून, ती घरभर फिरली. भांडं ठेवलं, दार लावलं, रेडिओ लावून बघितला आणि लगेच बंद केला. मग खुर्चीवर बसून राहिली.

भिंगरी आली ती दारातूनच बोलत आली. तिच्या आवाजात नवं काहीतरी होतं, मोकळं, थोडं मोठं. "आई, आज गंमत झाली. सर मायक्रोफोन काढायला विसरले आणि तसेच जिना उतरून गेले. अख्खा जिनाभर गाणं गुणगुणत होते, आणि ते फक्त मला ऐकू…" ती थांबली. "तू काय करतेयस?"

"हळू बोल जरा," आई म्हणाली. "हे असं दिवसभर असायचं?"

"हो."

"आणि यातून तू माणसाचं बोलणं शोधायचीस?"

"सापडलं तर."

आईने मला कानापासून दूर केलं, तरी तळहातावर मी जागाच होतो. "आता कसं आहे?" तिने विचारलं.

"वर्गात बरंच कळतं. कॅन्टीनमध्ये अजून नाही. सगळे एकदम बोलतात. पण ती उंच मुलगी असते, ती समोर बसते. ती नसली की मी जिन्यावरच जाते."

आईने लेकीला जवळ बसवलं. पुढचं काय झालं ते मला ठाऊक नाही, कारण त्याआधी तिने माझं दार उघडून बॅटरी काढून घेतली.

तेव्हापासून मी या डबीत आहे. खण उघडतो की नाही, बाहेर दिवस आहे की रात्र, मला काही कळत नाही. सवय झाली आहे. रात्री झाकण लावण्याआधीचं ते थोपटणं तेवढं आठवतं.

मित्रांनो, निरोप घेण्याआधी दोन गोष्टी सांगतो. तुमच्या घरात माझा कुणी जातभाई असेल तर त्याला पाण्यापासून आणि घामापासून जपा, रोज पुसा, रात्री कोरड्या जागी निजवा. आम्ही नाजूक असतो. आणि ज्याच्या कानामागे तो बसला आहे त्या माणसाशी समोर येऊन, तोंड दिसेल असं बोला. त्याला ऐकू आलं का, असं विचारलंत तर 'नाही' हे उत्तर शांतपणे ऐकून घ्या आणि आपलं वाक्य पुन्हा एकदा म्हणा. आम्ही यंत्रं आवाज मोठा करतो. वाक्य दुसऱ्यांदा म्हणणं आमच्या हातात नाही.